आधी कण्हणं, मग सांत्वन

बंधुभगिनींनो,

दुःखात सापडलेल्या विश्वासणाऱ्याला भेटायला येणारे बहुतेक जण एकच वचन बरोबर आणतात. रोमकरांस पत्र, अध्याय ८, वचन २८: देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. वचन खरंच आहे, चुकते ती वेळ. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते कुठे लिहिलंय ते पाहा. बाविसाव्या वचनात सृष्टी कण्हते आहे, तेविसाव्यात आपण कण्हतो आहोत, आणि सव्विसाव्यात, काय मागावं हेही सुचत नसलेल्या माणसासाठी पवित्र आत्मा स्वतः कण्हतो आहे. हे तीनदा कण्हणं झाल्यावर अठ्ठाविसावं वचन येतं. आपण आधीचं सगळं गाळतो आणि तेवढं एक वचन आजाऱ्याच्या उशाशी ठेवून निघतो. त्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की आता रडणं पुरे.

शिवाय ‘कल्याण’ म्हणजे काय, हे लगेच एकोणतिसावं वचन सांगतं: देवाच्या पुत्राच्या प्रतिरूपासारखं होणं. गेलेली नोकरी परत मिळेल, गाठ कर्करोगाची नसेल, असं त्या वचनात कुठेच नाही. तसं घडलं तर देवाचे आभार मानावेत. पण जे वचन देवाने दिलेलं नाही ते त्याच्या नावाने आपण देऊ नये.

कण्हायचं कसं, हे बायबल शिकवतं. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. त्यांचा एक ठराविक घाट आहे आणि तो शिकायला स्तोत्र १३ सगळ्यात सोपं, कारण त्यात जेमतेम सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत देवाला हाक आणि तक्रार: ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. पाचव्यात ‘पण’ येतो, भरवसा येतो आणि सहाव्यात स्तुती. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये परिस्थिती बदलल्याची एकही खूण नाही. शत्रू गेला, आजार उतरला, असं कवी म्हणत नाही. बदललं ते इतकंच की तक्रार आता देवासमोर मांडून झालेली आहे.

हे स्वतः करायचं असेल तर वही घ्या. स्तोत्र मोठ्याने वाचा. मग त्याच क्रमाने आपलं लिहा: कोणाशी बोलतो आहे, काय दुखतं आहे, काय हवं आहे, कशाच्या आधारावर मागतो आहे. पहिली चूक तक्रारीच्या जागी होते. ‘प्रभू, मी फार दुःखी आहे’ एवढ्यावर थांबू नका. रात्री तीनला जाग येते, बिलं भरायची आहेत, भावाने फोन उचलला नाही, असं नावनिशीवार लिहा. स्तोत्रकर्ते हाडांबद्दल, उसाशांबद्दल, भिजलेल्या अंथरुणाबद्दल बोलतात. दुसरी चूक म्हणजे ‘पण’ची घाई. पाचवं वचन आज आतून येत नसेल तर चौथ्यावर थांबा आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचा. एका बैठकीत स्तुतीपर्यंत पोचायलाच हवं, असा नियम नाही. स्तोत्र ८८ तर स्तुतीपर्यंत पोचतच नाही. अठरा वचनं आणि शेवट अंधारात. तरी ते शास्त्रात आहे आणि त्याची पहिली हाक ‘माझ्या तारणाच्या देवा’ अशीच आहे. माझ्या मते मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेत ते वर्षातून एकदा तरी वाचलं जावं. आपल्यासारखं कोणीतरी शास्त्रातही आहे, हे निदान कळेल.

शाप मागणारी स्तोत्रं, उदाहरणार्थ १०९, वाचताना लोक अडखळतात. तिथे एवढंच ध्यानात ठेवावं की सूड मागितला आहे, घेतलेला नाही. राग देवाच्या हाती दिला आहे.

आता शरीराकडे येऊ, कारण उपदेशांत ते हमखास विसरलं जातं. पहिलं राजे, अध्याय १९. संदेष्टा एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत काय करतो? त्याला स्पर्श करतो आणि ‘ऊठ, खा’ म्हणतो. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. त्यासाठी त्याला कोणी रागवत नाही. दुसऱ्यांदा पुन्हा जेवण. मग होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांची वाट, आणि देवाशी संवाद त्यानंतर. तिथेही तो एकच तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत दोनदा करतो, दहाव्या आणि चौदाव्या वचनात, आणि देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. शोकात असलेल्या घरी जाताना म्हणूनच जेवण न्या, मुलांना शाळेत सोडा, औषधं आणून द्या. आणि कोणी ‘आता जगायचं नाही’ म्हणालं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हा विश्वासाचा अभाव नव्हे. पौलसुद्धा आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो.

मुलंबाळं, मालमत्ता, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण आपण बहुधा त्यांच्याच रांगेत असतो. ते लांबून आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथवर उत्तम. चौथ्या अध्यायापासून बोलू लागले आणि बिघडलं. गंमत अशी की त्यांचं सगळंच चूक नव्हतं. त्यांच्यातल्या अलीफजाचं एक वाक्य पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात शास्त्रवचन म्हणून उद्धृत केलं आहे. तरीही शेवटी, ४२व्या अध्यायात, देव अलीफजाला म्हणतो की माझ्याविषयी ईयोब यथार्थ बोलला, तुम्ही नाही. ज्याने देवाशी वाद घातला त्याचं बोलणं यथार्थ ठरलं, आणि देवाची बाजू मांडणाऱ्यांना होमबली अर्पावे लागले. मित्रांनी ईयोबाच्या दुःखात त्याचं पाप शोधलं होतं. तोच प्रश्न जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारला, तेव्हा येशूने तो मुळातूनच नाकारला. शिलोहातला बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हते, असंही त्याने स्पष्ट सांगितलं.

मग कृपा कुठे भेटते? पौलाच्या शरीरात काटा होता. तो कसला, हे त्याने लिहिलं नाही, आणि बरंच झालं. नाहीतर आपला काटा वेगळा म्हणून आपण बाजूला झालो असतो. काढून टाक, अशी त्याने तीनदा विनवणी केली. उत्तर आलं: ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला. अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूनेही तीनदा प्रार्थना केली आणि दुःखाचा प्याला टळला नाही. ख्रिस्ती सांत्वनाचा कणा इथे आहे. पुत्रानेही ‘नाही’ ऐकलं, वधस्तंभावर स्तोत्र २२ची तक्रार, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’, ओरडून केली, म्हणून आपण कृपेच्या राजासनाजवळ जातो तेव्हा आपलं दुःख तिथे अनोळखी नसतं.

मात्र याच वचनाचा एक घातक वापर होतो. मार खाणाऱ्या बाईला ‘कृपा पुरे आहे, सहन कर’ असं सांगितलं जातं. पौलाने असं केलं नाही. फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्व पुढे केलं, आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. टाळता येणारं दुःख टाळावं, अन्याय थांबवावा, सुरक्षित जागी जावं. मागूनही न टळलेल्या दुःखासाठी ते वचन आहे.

एकट्याने हे निभत नाही. याकोबाचं पत्र आजाऱ्याला मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवायला सांगतं; त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. कॅथलिक परंपरेत हा संस्कार लोकांनी मरणघटकेशी जोडून टाकला होता. १९७२च्या सुधारित विधीनंतर तो गंभीर आजार वा म्हातारपणाचा धोका सुरू होताच, कपाळाला आणि हातांना तेल लावून देतात. दुखणं वाढलं तर पुन्हाही घेता येतो. तरी घरचे अजून शुद्ध हरपेपर्यंत थांबतात, पाळकाला पाहून आजारी घाबरेल म्हणून. शुद्धीत असताना बोलवा, म्हणजे आजाऱ्याला स्वतः ‘आमेन’ म्हणता येईल.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांचा एक नियमही इथे उपयोगी आहे: आत्मिक कोरडेपणाच्या काळात आधी केलेले निश्चय बदलू नयेत. मंडळी सोडणं, सेवा सोडणं असले निर्णय त्या दिवसांत घेऊ नका.

राहिली गोष्ट दुसऱ्यांना सांत्वन देण्याची. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला पौल म्हणतो की मिळालेलं सांत्वन पुढे द्यावं. पण त्यापुढे आठव्या वचनात तो हेही सांगतो की आम्ही जगण्याची आशा सोडली होती. म्हणून नुकतंच मूल गमावलेल्या आईबापाला पुढच्याच रविवारी मंडळीसमोर आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभं करू नका. ते स्वतः विचारतील तेव्हा संधी द्या. तोवर काम आपलं. भेटायला येणारे काही आठवड्यांत कमी होतात, त्यानंतरची तारीख आजच वहीत लिहून ठेवा. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. जाताना एक स्तोत्र वाचा, आधी विचारून, आणि वाचल्यावर त्यावर प्रवचन करू नका.