गाडी लागणाऱ्याला पुढची जागा

अध्यक्षांनी ‘प्रवासाचं आरोग्यशास्त्र’ असा भारदस्त विषय सांगितला. मी बोलणार आहे उलटीबद्दल. हसा खुशाल! पण चिपळुणात कुंभार्ली घाटाचा अनुभव नाही असं घर दाखवा.

माझ्या भाचीचं सांगतो. चौथीत होती, कराडला आजीकडे निघालेली. सकाळपासून तिला उपाशी ठेवलेलं. पोटात काही नसलं म्हणजे बाहेर काय येणार, हा घरोघरचा समज. (रिकाम्या पोटी मळमळ वाढते, हे आयांना कोण सांगणार?) गर्दीत जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. शेजारचे आजोबा म्हणत होते, “बाळ, लक्ष देऊ नकोस, सगळं मनाचं असतं.” आई म्हणाली, “गोष्टीचं पुस्तक वाच, विसरशील.” पोफळी मागे पडली, वळणं सुरू झाली आणि व्हायचं ते झालं. कंडक्टर ओरडला, बायकांनी नाकाला पदर लावले, पोर कराडपर्यंत मान खाली घालून रडत राहिली. पुढे आजीनं बोलावलं की हिचं पोट दुखायचं. मला आजही त्याचा संताप येतो. त्या लेकराचा गुन्हा काय होता?

आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. गाडी वळली की कान म्हणतो, आपण वळतोय. पुस्तकावरचे डोळे म्हणतात, सगळं जागच्या जागी आहे. मेंदूला मेळ लागत नाही आणि मळमळ सुरू होते. बहिऱ्यांपैकी अनेकांच्या या नलिकाही निकामी असतात, आणि त्यांना बोट लागत नाही, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ सालीच नोंदवलं होतं. मग मनाला कशाला दोष देता? दोन ते बारा वर्षांच्या मुलांना तर हा त्रास सर्वात जास्त.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच की!

ड्रायव्हरला गाडी का लागत नाही? वळण त्याला आधीच दिसतं. १९९९ साली इंग्लंडमधल्या टर्नर आणि ग्रिफिन या संशोधकांनी तीन हजारांहून अधिक बसप्रवाशांची पाहणी प्रसिद्ध केली. समोरचा रस्ता अजिबात न दिसणाऱ्यांत त्रासाचं प्रमाण, तो नीट दिसणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. म्हणून पुढे बसवा, नजर दूर रस्त्यावर, डोकं सीटच्या पाठीला टेकलेलं, खिडकी उघडी, हातात मोबाइल नको. निघण्याआधी थोडा मऊ भात चालेल, तेलकट वडा नको. आलेपाक द्या. गोळी डॉक्टरांना विचारूनच. प्रोमेथाझिन असेल तर निघण्याच्या तास-दोन तास आधी, मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना ती अजिबात देऊ नका. तिनं गुंगी येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्यानं घेऊ नये.

एसटीत महिला, दिव्यांग, आमदार यांच्यासाठी जागा राखीव आहेत, त्या असाव्यातच. घाटातल्या गाड्यांना पुढची एक रांग गाडी लागणाऱ्या मुलांसाठीही असावी. आगार व्यवस्थापकांना द्यायचा अर्ज दाराशी ठेवलाय. सही करूनच जा.