न पाहता लागणारे प्रीसेट

मित्रहो, प्रीसेट, म्हणजे फोटोवर एका झटक्यात लावता येणारा आधी साठवलेल्या बदलांचा संच, ही सोय वाईट आहे असे सांगायला मी आलेले नाही. लग्नाचे हजारभर फोटो दोन दिवसांत द्यायचे असतात तेव्हा मीही प्रीसेटच वापरते, नाहीतर निभाव लागत नाही. माझी तक्रार आहे ती मेमरी कार्डावरचे फोटो संगणकावर उतरवतानाच, म्हणजे इम्पोर्टच्या वेळी, आपोआप लागणाऱ्या प्रीसेटबद्दल. फोटो अजून कुणाच्या नजरेखालूनही गेलेला नसतो आणि तो किती उजळ, किती उबदार, किती धारदार असावा हे ठरून गेलेले असते.

लाइटरूम क्लासिक या अ‍ॅडोबीच्या फोटो संपादनाच्या प्रणालीचेच उदाहरण घेऊ. इम्पोर्टच्या खिडकीत उजव्या बाजूला ‘अप्लाय ड्युरिंग इम्पोर्ट’ नावाचा एक कप्पा असतो आणि त्यात निवडलेले प्रीसेट पुढच्या खेपेलाही तसेच कायम राहते. कप्पा मिटलेला असेल तर ते दिसतही नाही. त्यामुळे गेल्या आठवड्यात साखरपुड्यासाठी निवडलेली उबदार छटा या आठवड्यात भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर चढते, त्यांची गुलाबी पिसे नारिंगी दिसू लागतात, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला किंवा त्या सकाळच्या उन्हाला दिला जातो.

प्रीसेटमध्ये साठवलेले असतात ते आकडे. एक्स्पोजर (उजेड) अर्धा स्टॉप, म्हणजे अर्धी पायरी, वर; रंगतापमान (छटेचा उबदारपणा) ५२०० केल्विन; शार्पनिंग (धार) ४०. हे आकडे ज्या फोटोवर ठरवले त्याच्यासाठी ते योग्यही असतील; पण मुळातच उजळ घेतलेल्या फोटोत तोच अर्धा स्टॉप पांढऱ्या शर्टाची वीण पुसून टाकतो. त्यातून कार्डावर रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली फाइल) आणि जेपीईजी (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) एकत्र असतील तर गोंधळ वाढतो. लाइटरूम रॉ फाइलला मुळात ४० शार्पनिंग देते आणि जेपीईजीला शून्य, कारण जेपीईजीला कॅमेऱ्याने आधीच धार दिलेली असते. रॉवर बेतलेले प्रीसेट सरसकट लावले की जेपीईजीला दुहेरी धार येते आणि केसांच्या कडांना पांढरी किनार दिसू लागते.

यावर अनेक जण ‘ऑटो’, म्हणजे उजेड प्रणालीनेच ठरवण्याची सोय, सुचवतात, कारण ऑटो प्रत्येक फोटो स्वतंत्रपणे तपासते. माझ्या मते अडचण तिथेच आहे. हळदीचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. मांडवातला प्रकाश स्थिर आहे, एक्स्पोजर आपण हाताने पक्के केले आहे आणि एकापाठोपाठ तीन फोटो घेतले आहेत. पहिल्यात नवरीची पिवळी साडी चौकटभर आहे, दुसऱ्यात मागचा काळोखा दरवाजा आला आहे, तिसऱ्यात पांढरे धोतर नेसलेले आजोबा पुढे सरकले आहेत. ऑटो तिन्ही फोटोंना वेगवेगळा उजेड देते, आणि अल्बमच्या एकाच पानावर नवरीचा चेहरा तीन रंगांचा होतो. जे सातत्य छायाचित्रकाराने कष्टाने राखलेले असते, तेच ऑटोला समजत नाही.

अशा नाराजीची दखल कंपन्या घेतच नाहीत, असेही नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये लाइटरूम ६.२ आले, तेव्हा नवख्यांच्या सोयीसाठी म्हणून इम्पोर्टची खिडकीच बदलून टाकली होती आणि काही जुन्या सोयी काढल्या होत्या. वापरणारे इतके खवळले की अ‍ॅडोबीला जाहीर माफी मागावी लागली आणि नोव्हेंबरच्या ६.३ आवृत्तीत जुनी खिडकी परत आली. पुढे २०२० मध्ये कॅमेऱ्याच्या मॉडेलनुसार रॉचे मूळ प्रीसेट वेगवेगळे ठरवण्याची आणि आयएसओनुसार (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या आकड्यानुसार) मूल्ये बदलणारे प्रीसेट बनवण्याची सोय आली. डार्कटेबल या मोफत प्रणालीत तर कॅमेरा, लेन्स, आयएसओ, अ‍ॅपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार) अशा अटी घालता येतात आणि अट जुळली तरच प्रीसेट लागते. मला हीच दिशा योग्य वाटते. कॅमेरा आणि लेन्स यांच्याविषयीची वस्तुस्थिती फोटो न पाहताही कळते. ३२०० आयएसओला नॉइज (दाणेदारपणा) किती येतो किंवा अमुक लेन्स कडेला किती वाकवते, हे आधीच ठाऊक असते. त्या क्षणीचा प्रकाश कसा होता, हे मात्र फाइल उघडून पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

मेटाडेटाच्या, म्हणजे फोटोसोबत जाणाऱ्या नाव, कॉपीराइट अशा नोंदींच्या प्रीसेटकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, पण त्याचा उपद्रव अधिक गंभीर आहे. सहकाऱ्याचे कार्ड आपल्या संगणकावर उतरवले की त्याच्या फोटोंवर निर्माता म्हणून आपले नाव आणि आपला कॉपीराइट बसतो. शिवाय कॉपीराइटमधले साल जुनेच राहिले असेल तर तेही. रंग बिघडला तर पाहताक्षणी कळते, पण हे नाव फोटोबरोबर निमूटपणे वर्तमानपत्राच्या कचेरीपर्यंत जाते.

म्हणून मी इम्पोर्टला लेन्सची दुरुस्ती आणि कॅमेऱ्याचे प्रोफाइल (रंग दाखवण्याची मूळ पद्धत) एवढेच ठेवते. माझे नाव मी कार्ड माझे आहे याची खात्री करून घालते, आणि बाकी सारे निवड झाल्यानंतर, एकाच प्रकाशातले फोटो एकत्र करून. याला वेळ जास्त लागतो, हे खरे. पण इम्पोर्टलाच प्रीसेट लावले तर प्रत्येक थंबनेलवर ‘बदल केलेला’ अशी खूण उमटते, आणि मग यांतले कोणते फोटो आपण खरोखर हाताळले आहेत हे शोधत बसावे लागते.