चौकातला उजेड आणि दुष्काळातला हिरवा

श्रोतेहो, नमस्कार. कादंबरीकार 'अंधारलेलं घर' एवढं लिहून पुढं जाऊ शकतो. चित्रपटाचा कॅमेरा सांभाळणाऱ्या छायालेखकाला मात्र त्या घरात उजेड कुठून येतो, हे आधी ठरवावं लागतं. पडद्यावरचा भाव तिथूनच सुरू होतो.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या लेखनावरून सत्यजित राय यांनी १९५६ साली 'अपराजितो' हा कृष्णधवल चित्रपट केला. त्यातलं बनारसचं घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. तशा जुन्या घरांत दिवसाचा उजेड मधल्या चौकातून, वरून येतो आणि सावल्या जेमतेम पडतात. स्टुडिओतले दिवे थेट सोडले, तर एकाच खांबाच्या दोन-तीन सावल्या भिंतीवर उमटतात आणि सेट लगेच ओळखू येतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी चौकावर चौकटीत ताणलेलं पांढरं कापड लावलं आणि खालून दिव्यांची तोंडं त्याकडे वळवली. कापडावरून परतलेला उजेड मोकळ्या आभाळासारखा खाली उतरला.

ही रचना करताना एक चूक हमखास होते. दिव्याचा झोत अरुंद ठेवला, की कापडावर एक छोटा गोल तेवढा उजळतो आणि तोच दिव्यासारखी ठळक सावली पाडतो. कापड कडेपर्यंत उजळायला हवं. त्यातही बराच उजेड वाया जातो. मग भिंगाचं छिद्र मोठं करावं लागतं, त्यामुळे फोकसची खोली घटते आणि पात्र हातभर पुढं आलं तरी धूसर होतं. पण याचा लाभ मोठा आहे: चौकापासून आत सरकावं तसा चेहरा हळूहळू काळवंडतो. कथेतल्या आईचं, सर्वजयेचं, त्या घरातलं एकटेपण संवादांवाचून कळतं.

आता रंग. त्याच लेखकाच्या कादंबरीवरचा 'अशनी संकेत' हा १९७३चा रंगीत चित्रपट, १९४३च्या बंगालच्या दुष्काळावरचा. छायालेखन सौमेंदु राय यांचं. भुकेच्या कथेत एवढी हिरवीगार, देखणी शेतं कशाला, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. तो मला अजिबात पटत नाही. तो दुष्काळ माणसांनी ओढवलेला होता. युद्धाच्या धामधुमीत तांदूळ गरिबांच्या आवाक्याबाहेर गेला. जमीन करपलेली दाखवली असती, तर प्रेक्षकानं पावसालाच दोष दिला असता.

अशा हिरवाईत चित्रण करताना पानांवरून येणारा उजेड कातडीवर हिरवट झाक आणतो आणि माणूस आजारी दिसतो. पात्राला सावलीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभं करावं, नाहीतर गालाजवळ उजेड परतवणारा पांढरा फळा धरावा. फळा जुना होऊन पिवळसर पडला असेल, तर हिरवी झाक जाते आणि पिवळी येते, म्हणून तो दर वेळी कोऱ्या कागदाशेजारी धरून पाहावा.

हल्ली जुना काळ दाखवायचा म्हटलं, की अख्ख्या चित्राला सरसकट पिवळट छटा देतात. त्यात पांढरं धोतर, भात आणि माती एकाच रंगाची होतात. भुकेच्या कथेत तरी ताटातला भात पांढराच दिसला पाहिजे.