रक्तात आहे म्हणजे काय?

(दृश्य: अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी. शेतांमधल्या रस्त्यावरून जाणारी काळी घोडागाडी.)

या गाडीला घाई नसते. ती हाकणाऱ्या आमिश माणसाच्या दारात मोटार नाही; आमिश म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती समाज. असा माणूस एकाएकी घोडा दामटू लागला, सार्वजनिक फोनला चिकटून बसला, भलत्याच ऋतूत भेटवस्तू वाटायच्या म्हणू लागला, तर? संशोधक जॅनिस एगलँड यांनी आमिश वस्तीत नोंदवलेली उन्मादाची लक्षणं आहेत ही. आपल्याकडे तोच उन्माद रात्री तीन वाजता आलेल्या चाळीस मेसेजांत दिसतो, नाहीतर कर्ज काढून केलेल्या खरेदीत. मग येतं नैराश्य, अंथरुणातून उठू न देणारं. दोन्ही मिळून बायपोलर हा मानसिक आजार.

आमिश लोक आपल्या जर्मन बोलीत म्हणत, ‘सिस इम ब्लूट.’ रक्तातच आहे.

आपणही म्हणतोच की. स्थळ पाहताना आवाज खाली येतो: ‘त्यांच्या घराण्यात कुणाला तसं काही?’

(दृश्य: हाताने काढलेली वंशावळ.)

आमिश म्हणजे मोजक्या पूर्वजांची मोठमोठी कुटुंबं, पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी, आणि दारू जवळपास नाहीच. जनुक शोधायला याहून चांगली जागा कुठली? 1987 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत बातमी आली: 81 जणांच्या एका कुटुंबात हा आजार अकराव्या गुणसूत्रावरच्या एका खुणेसोबत उतरतोय. चोर सापडला!

1989 मध्ये तोच दावा ढासळला. निरोगी धरलेल्या दोघांना मधल्या काळात आजार झाला, कुटुंबाची आणखी एक शाखा तपासली गेली, आणि सगळं गणित विस्कटलं. फक्त दोन माणसं! मला या गोष्टीतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

चोर एक नव्हताच. 2025 च्या एका अभ्यासात दीड लाखाहून अधिक रुग्णांच्या डीएनएत आजाराशी जोडलेल्या 298 जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. म्हणून आई किंवा वडिलांना बायपोलर असेल, तर मुलांपैकी शंभरात साधारण पाच ते दहा जणांना तो होतो. इतर लोकांत हे प्रमाण एक-दोन. धोका वाढतो हे खरं, पण बहुतेक मुलं सुटतात, हेही तितकंच खरं. स्थळ मोडणाऱ्यांना ही दुसरी बाजू कुणी सांगत नाही.

एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळपास एकच, तरी एकाला आजार असून दुसरा ठणठणीत राहू शकतो. मग बाकीचं कुठून येतं?

(दृश्य: प्रयोगशाळेत फिरणारं यंत्र, आत रक्ताच्या नळ्या.)

एक धागा पुन्हा रक्ताकडेच नेतो, पण वेगळ्या अर्थाने. कोविडमध्ये घराघरांत पोचलेलं ‘सीआरपी’ आठवतं? शरीरात दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, असला की रक्तातलं हे प्रथिन वाढतं. उन्मादाच्या काळात रुग्णांचं सीआरपी सरासरीने चढलेलं आढळतं, इंटरल्युकिन-6 सारखी दाहाची इतर रसायनंही. पण जागरण, वाढलेलं वजन आणि सिगारेटनेही सीआरपी चढतं, आणि या आजारात तिन्हींची सोबत असतेच. आग आधी की धूर आधी, हे नुसत्या रिपोर्टवरून कळत नाही. सीआरपी तपासून बायपोलरचं निदानही होत नाही.

मग दाहच विझवून पाहिला तर? 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बायपोलर नैराश्याच्या 60 रुग्णांपैकी काहींना इन्फ्लिक्सिमॅब दिलं, संधिवातासाठी वापरतात ते दाह कमी करणारं औषध. बाकीच्यांना नुसतं सलाईन. बारा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. फक्त, लहानपणी मारहाण सोसलेल्यांमध्ये औषधाचा गुण जास्त दिसला. गट छोटा, त्यामुळे हा पुरावा नव्हे, इशारा. तरी मन तिथे अडकतं: बालपणीचा मार शरीर इतकी वर्षं जपून ठेवत असेल?

(दृश्य: बेंगळुरू. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचं आवार.)

त्या 298 जागा शोधताना घेतलेलं बहुतेक रक्त युरोपीय वंशाच्या लोकांचं होतं. इथे मात्र भारतीय कुटुंबं येतात, एकाच घरात दोघा-तिघांना आजार असलेली. त्यांच्या रक्तातल्या पेशींपासून मूळ पेशी (स्टेम सेल) बनवतात आणि त्यांच्यापासून मेंदूच्या पेशी. आजारी भावाच्या एका बशीत, निरोगी बहिणीच्या दुसऱ्या.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेली पेशी. आवाज थांबतो.)