ओसाका : बाजारानं उभारलेलं शहर

मंडळी, नमस्कार. आजचा विषय ‘जपानमधली भटकंती आणि खरेदी’ असा छापला आहे. तासाभरात अख्खा जपान उरकायचा म्हणजे नुसती यादी वाचावी लागेल, म्हणून मी एकच शहर घेते. ओसाका. आपल्या सहलींमध्ये या शहराच्या वाट्याला टोकियो आणि क्योटो यांच्या मधली एखादी रात्र येते. कार्यक्रम ठरलेला असतो : सकाळी किल्ला, दुपारी एक मनोरा, आणि संध्याकाळी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’. माझं भांडण या मोकळ्या वेळाशी आहे. ओसाकात खरेदी ही उरलेल्या वेळात करायची गोष्टच नव्हे. तिथं पाहण्यासारखं मुख्य स्थळ म्हणजे बाजार, आणि ज्यांना आपण स्थळं म्हणतो त्यांच्यामागंही बहुतेक वेळा बाजारातलाच पैसा उभा आहे.

किल्ल्यापासूनच सुरुवात करू. तोयोतोमी हिदेयोशी या जपानच्या सत्ताधीशानं १५८३ मध्ये तो बांधायला घेतला. १६१५ च्या लढाईत तो पडला, नंतर सत्तेवर आलेल्या तोकुगावा घराण्यानं १६२० च्या दशकात नव्यानं बांधला, आणि १६६५ मध्ये वीज पडून मुख्य मनोरा जळाला. त्यानंतर अडीचशेहून जास्त वर्षं त्या जागी मनोराच नव्हता. आज आपण ज्याचा फोटो काढतो तो १९३१ चा आहे, काँक्रीटचा, आत लिफ्टसुद्धा आहे. हे कळल्यावर आपल्याकडच्या पर्यटकांचा चेहरा पडतो. ‘एवढं लांब येऊन सिमेंट बघायचं?’ मला मात्र हीच गोष्ट सर्वांत रंजक वाटते. कारण या मनोऱ्यासाठी शहरातल्या लोकांनी वर्गणी काढली. पंधरा लाख येन जमले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लष्कराच्या मुख्यालयाच्या इमारतीवर खर्च झाले. किल्ल्याच्या आवारात तेव्हा लष्कर होतं. त्याला नवी इमारत दिल्याशिवाय मनोऱ्याला जागा मिळणार नव्हती. ती लष्करी इमारत अजून मनोऱ्याच्या समोर उभी आहे. २०१७ पासून तिच्यात दुकानं आणि उपाहारगृहं आहेत! ओसाकानं लष्कराकडून आपली वर्गणी अशी वसूल केली म्हणायची.

खरं जुनं पाहायचं असेल तर तटबंदी पाहा. तोकुगावांनी ठिकठिकाणच्या सरदारांना दगड आणायला लावले. काही दगडांवर त्या त्या सरदाराची खूण कोरलेली दिसते. साकुरा दरवाज्याच्या आत एकच दगड शंभर टनांहून जड आहे. समुद्रातल्या बेटांवरून असे दगड बोटींनी आणले गेले.

आता दोजिमा, म्हणजे ओसाकातला जुन्या तांदूळबाजाराचा भाग. हे नाव सहलीच्या पत्रकात सापडणार नाही, पण व्यापारातलं कुणी सभागृहात असेल तर त्यांनी तिथं जरूर जावं. एदो काळात, म्हणजे तोकुगावांच्या राजवटीत (१६०३ ते १८६८), सरदारांना महसूल मिळे तो तांदळात. तो ओसाकातल्या नदीकाठच्या कोठारांत येई आणि इथं विकून त्याचे पैसे होत. हळूहळू प्रत्यक्ष पोत्यांऐवजी पावत्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, आणि पुढं तर अजून न आलेल्या तांदळाचीही. १७३० मध्ये शोगुनच्या, म्हणजे तोकुगावा घराण्यातल्या लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं या बाजाराला रीतसर मान्यता दिली. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून दोजिमाचं नाव घेतात ते यामुळे. बाजार बंद करायची त्यांची रीत ऐका. एक वात पेटवून ठेवायचे. ती विझली की व्यवहार बंद. तरीही लोक हटले नाहीत, तर त्यांच्यावर पाणी मारायचे. भाव दूरच्या गावांना कळवायला टेकड्यांवरून निशाणं हलवत. आज तिथं काचेच्या इमारती आहेत आणि तांदळाच्या दाण्याच्या आकाराचं एक स्मारक. पाहायला पाच मिनिटं लागतात.

तिथून चालत थोड्या अंतरावर, उमेदाच्या गर्दीत, ओहात्सु तेंजिन नावाचं छोटं देऊळ आहे. सोया सॉसच्या दुकानातला एक कारकून आणि ओहात्सु नावाची गणिका यांनी १७०३ मध्ये या देवळाच्या रानात एकत्र जीव दिला. त्याच वर्षी चिकामात्सु मोंझाएमोन या नाटककारानं त्यावर बाहुलीनाट्य लिहिलं आणि ते दोतोनबोरीच्या नाट्यगृहात तुफान चाललं. नाटकात त्या कारकुनाचा घात कशानं होतो? मित्राला उसने दिलेले पैसे मित्र नाकारतो. प्रेमाच्या शोकांतिकेतसुद्धा मुळाशी उसनवारी! आता तिथं जोडपी जोडीनं नवस बोलायला येतात, आणि देवळाला लागूनच खाण्याच्या दुकानांची गल्ली आहे.

शिनसाइबाशी आणि दोतोनबोरी मी झटपट संपवते, कारण ती तुम्हाला कुणीही दाखवेल. दोतोनबोरीचा कालवा १६१५ चा. त्यावर ग्लिको या खाऊच्या कंपनीची धावपटूची ती प्रसिद्ध जाहिरात १९३५ पासून आहे, सध्याची सहावी आवृत्ती २०१४ ची. फोटो काढा आणि पुढं चला. शिनसाइबाशीत दाइमारू हे मोठं दुकान १७२६ पासून आहे. पण आजूबाजूच्या छताखालच्या रस्त्यावर आता औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांच्या साखळी दुकानांची इतकी गर्दी झाली आहे की हा रस्ता एकदा पार करावा, त्यात अडकू नये. कुरोमोन या मासळीबाजाराचंही तेच. एकेकाळी शहरातले स्वयंपाकी तिथं माल घ्यायचे. आता काठीला टोचलेला खेकडा पर्यटकांना पर्यटकांच्या भावानं मिळतो.

मग खरेदी कुठं करायची? तेंजिनबाशी-सुजी. छताखालचा हा बाजार साधारण २.६ किलोमीटर लांब आहे, दुकानं सहाशेच्या आसपास. जपानमधला सर्वांत लांब बाजारपेठेचा रस्ता म्हणून त्याची ख्याती आहे. मेट्रोच्या साकाईसुजी मार्गावरची तीन स्थानकं याच रस्त्याच्या कडेनं येतात, त्यामुळं पाय दुखले तर कुठूनही सुटका होते. पण शक्यतो उत्तरेच्या टोकापासून, म्हणजे सहाव्या भागापासून, सुरुवात करा. तिथं एका इमारतीत वरच्या मजल्यांवर घरांचं संग्रहालय आहे. एदो काळातली ओसाकाची एक गल्ली त्यांनी मूळ आकारात उभारली आहे : औषधाचं दुकान, पुस्तकांचं दुकान, मागच्या अंगाला चाळीसारख्या खोल्या. प्रकाश बदलून दिवसाची रात्र करतात. ते पाहून खाली उतरलं की तीच गल्ली विजेच्या दिव्यांत पुढं चालू राहिल्यासारखी वाटते. चहाचं दुकान, चष्म्याचं दुकान, वापरलेले किमोनो, जुनी पुस्तकं, भातुकलीएवढ्या कपबश्या, आणि हातानं लिहिलेल्या किमतींचे कागद. इथं माल घेणारी मंडळी आसपासच्या वस्तीतली असतात. सायकलच्या टोपलीत कांद्याची पात घातलेल्या आजीबाई तुम्हाला घंटी वाजवून बाजूला करतील. दक्षिणेच्या टोकाला तेन्मांगु देवस्थान. त्याची यात्रा २४ आणि २५ जुलैला असते, नदीतून शंभरएक नावांची मिरवणूक निघते. जुलैतला उकाडा मुंबईकरांनाही सोसवत नाही, एवढं मात्र सांगून ठेवते.

एक चिठ्ठी आली आहे : ‘आम्ही शाकाहारी. ओसाकात खायचं काय आणि आणायचं काय?’ खायची अडचण खरी आहे. वरून भाजीचा दिसणारा रस्सा बहुधा सुक्या माशाच्या अर्कावर केलेला असतो, त्यामुळं ‘यात मांस नाही’ एवढ्यानं भागत नाही. मासा आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. आणायचं म्हणाल तर उत्तर ओसाकाकडेच आहे : कोंबू. हे समुद्रातलं शेवाळ. येतं उत्तरेच्या होक्काइदोहून, पण एदो काळापासून बोटींनी ते ओसाकात येई आणि इथल्या स्वयंपाकाचा पायाच त्यावर बसला. तेंजिनबाशीच्या आसपास त्याची जुनी दुकानं आहेत. वाळवलेली जाड पट्टी मिळते ती रात्री पाण्यात टाकून ठेवायची; ते पाणी सूप, आमटी कशातही चालतं. खारट चवीच्या कातरलेल्या पट्ट्या गरम भाताबरोबर लागतात. पण या दुसऱ्या प्रकारात कधी माशाचा अर्क असतो, तेव्हा घटक वाचून घ्या.

या कोंबूचा सालीसारखा पातळ कीस साकाई गावात होतो, कारण तिथं तशी पाती मिळतात. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेलं हे साकाई म्हणजे सुऱ्यांचं गाव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू आला, तंबाखू बारीक कापायला धारदार पाती लागली, आणि साकाईच्या लोहारांचा जम बसला. शोगुनच्या सरकारनं त्यांच्या पात्यांना स्वतःची मोहर दिली. आजही घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. साकाईला जायला वेळ नसेल तर नांबाजवळच्या दोगुयासुजी या गल्लीत जा. फार तर दीडशे मीटरची गल्ली, पण उपाहारगृहाला जे जे लागतं ते सगळं तिथं : ताकोयाकीचे, म्हणजे ऑक्टोपस घातलेल्या गोळ्यांचे, खळगे असलेले तवे, कंदील, दारावर टांगायचे पडदे, आणि खाद्यपदार्थांच्या हुबेहूब प्रतिकृती. या प्रतिकृतींचा व्यवसाय इवासाकी ताकिझो या गृहस्थानं १९३२ मध्ये ओसाकातच सुरू केला. तेव्हा त्या मेणाच्या असत, आता प्लास्टिकच्या.

सुरी घेताना दुकानदाराला घरी काय चिरता ते सांगा. भाजीसाठी ‘नाकिरी’ येते, सरळ धारेची, आपल्या घरांना फार सोयीची. सर्व कामांना ‘सांतोकु’. मासे कापायच्या सुऱ्यांना अनेकदा एकाच बाजूनं धार असते, तेव्हा डावखुऱ्यांनी ते आधीच सांगावं. साध्या पोलादाची सुरी अप्रतिम कापते, पण लिंबू चिरून तशीच ओट्यावर ठेवली की गंजते. कोकणपट्टीच्या दमट हवेत तर नक्कीच. रोज पुसून ठेवायची शिस्त घरात नसेल तर स्टेनलेस घ्या, त्यात कमीपणा काही नाही. काही दुकानं पात्यावर नाव कोरून देतात. आणि दुकानदारानं बांधून दिलेली सुरी भारतात पोहोचेपर्यंत उघडू नका. जपानमध्ये कारणाशिवाय पातं जवळ बाळगणं गुन्हा आहे. विमानात ती फक्त चेक-इनच्या सामानातच जाते.

आता जरा हातातल्या नोटेकडे पाहा. जुलै २०२४ पासून दहा हजार येनच्या नव्या नोटेवर उद्योगपती शिबुसावा एइची आहेत. त्यांच्या पुढाकारानं ओसाका कापड गिरणी १८८३ मध्ये सुरू झाली, आणि पुढं ओसाकाला ‘पूर्वेचं मँचेस्टर’ म्हणू लागले. या गिरण्यांना कापूस हवा होता, तो मुंबई बंदरातून जाई. पण जहाजभाडं युरोपीय कंपन्यांच्या हातात होतं आणि त्या मनमानी करत. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच वर्षी निप्पॉन युसेन या जपानी जहाज कंपनीची कोबे-मुंबई जहाजं सुरू झाली. भाडं उतरलं. गंमत अशी की या भारतीय कापसाचं जपानी सूत पुढं चीनच्या बाजारात उतरलं, आणि तिथून मुंबईच्या गिरण्यांच्या सुताला बाहेर पडावं लागलं. गिरणगावाच्या इतिहासात ओसाकाचं एक प्रकरण आहे, ते आपण फारसं वाचत नाही.

त्या कापडाचा आजचा पत्ता म्हणजे ओसाकातला सेंबा हा भाग. तिथं १९७० मध्ये वर द्रुतगती मार्ग, मध्ये दुकानांच्या दहा इमारती आणि खाली मेट्रो अशी सुमारे एक किलोमीटरची रचना बांधली. आत शिरलं की मुंबईच्या मूळजी जेठा या कापडबाजाराला वातानुकूलन बसवल्यासारखं वाटतं : ठाण, गुंड्या, फिती, अस्तरं. काही दुकानं फक्त घाऊक विकतात, तशी पाटी असते. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीसाठी याहून चांगली भेट विमानतळावर मिळणार नाही.

करपरताव्याबद्दल बऱ्याच चिठ्ठ्या आहेत. परदेशी पर्यटकाला एका दुकानात एका दिवशी, कर सोडून, किमान ५००० येनची खरेदी केली तर उपभोगकर माफ असतो. पासपोर्ट सोबत हवा. हा कर सर्वसाधारण वस्तूंवर १० टक्के, खाद्यपदार्थांवर ८ टक्के. १ नोव्हेंबर २०२६ पासून रीत बदलते : दुकानात कर भरायचा, आणि देश सोडताना कस्टमकडून तपासणी झाली की परतावा. म्हणजे परतीच्या दिवशी विमानतळावर जास्त वेळ ठेवायला हवा.

शेवटची चिठ्ठी : ‘दोनच दिवस आहेत, काय गाळू?’ विमानतळाजवळचे आउटलेट मॉल गाळा. तेच ब्रँड कुठल्याही मोठ्या शहरात दिसतात. आबेनो हारुकास आणि उमेदा स्काय यांपैकी एकाच उंच इमारतीवर चढा. पण तुमच्या मुक्कामात महिन्याची २१ किंवा २२ तारीख येत असेल, तर त्या दिवशी सकाळी शितेन्नोजीला जा. शोतोकु राजपुत्रानं ५९३ मध्ये स्थापलेलं हे मंदिर; या दोन दिवशी आवारात जुना बाजार भरतो. चिनी मातीची भांडी, जुनी हत्यारं, ढिगानं किमोनो. भाव थोडाफार कमी करून मागितला तर कुणी रागावत नाही. मात्र लवकर पोहोचा, दुपार कलली की विक्रेते आवराआवर करू लागतात.