परदेशी पैसा गडचिरोलीत कुठं गेला?

नमस्कार मंडळी. परदेशी संस्थांचा पैसा खेड्यात येतो, मग तो जातो कुठं? विदर्भातल्या कुठल्याही गावात हे विचारतात, आणि विचारायलाच हवं. पाटी लागते, फोटो निघतात, मुदत संपली की जीप निघून जाते. बाळंतीण मात्र तिथंच असते. म्हणून आज अशा पैशाबद्दल बोलू, जो सत्कारणी लागला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था १९८६ पासून गडचिरोलीत काम करते. १९९५-९६ साली त्यांनी ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली. पहिल्या २८ दिवसांत निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज पडली. डॉक्टरपर्यंत पोचली किती? शंभरात तीनसुद्धा नाहीत. हा आकडा मनाला फार लागतो. कारण आईचं लक्ष नव्हतं असं नाही. दवाखाना लांब, पावसाळ्यात नाल्याला पूर, हातात पैसे नाहीत, आणि सव्वा महिना ओल्या बाळंतिणीनं घराबाहेर पडायचं नाही.

मग उपचारच घरी न्यायचे ठरले. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली बाई निवडली. तिला आरोग्यदूत म्हणतात. बाळंतपणाला दाईसोबत ती हजर. बाळ रडलं नाही तर श्वास द्यायचा, वजन करायचं, ताप बघायचा, गार पडलं तर ऊब द्यायची, पहिल्या तासातच आईचं दूध पाजायला लावायचं. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शनही तीच द्यायची. दहावीपर्यंत शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, यावर शहाणी माणसं बिचकली असतील, ते समजण्यासारखं आहे. पण तिला कसून शिकवलं होतं, आणि तिच्या कामावर देखरेख होती.

निकाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डिसेंबर १९९९ ला छापून आला. हजार जन्मांमागे ६२ नवजात मरत होती, ती तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आली. शेजारच्या ज्या गावांत हे काम नव्हतं, तिथं मृत्यूदर जवळजवळ होता तसाच राहिला. आणि खर्च एका बाळामागे ५.३ डॉलर.

या संशोधनाला फोर्ड फाउंडेशन आणि मॅकआर्थर फाउंडेशन या अमेरिकेतल्या देणगी देणाऱ्या संस्थांची मदत होती. पुढं ‘सेव्ह द चिल्ड्रन’च्या नवजात कार्यक्रमातून हीच पद्धत महाराष्ट्रात आणखी काही ठिकाणी करून पाहिली गेली. माझं मत स्पष्ट आहे: पैसा परदेशी असायला हरकत नाही, पण प्रश्न गावानं मांडलेला हवा, आणि शिकलेलं कौशल्य गावातल्याच माणसाच्या हातात राहायला हवं. इथं दोन्ही झालं. देणगी संपली तरी सुई धरता येणारी बाई गावातच होती.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळाच्या घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून केंद्र सरकारनं आशाताईंमार्फत घरभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू केला. आशाताई इंजेक्शनं देत फिरत नाहीत, पण वजन, ताप, दूध, धोक्याची लक्षणं हे सगळं त्या बघतात. आणि आशाताईंना या कामाचा मोबदला नियमित मिळत नसेल, तर त्यासाठी आपण ग्रामसभेत उभं राहून बोललं पाहिजे. माझी ही तुम्हाला कळकळीची विनंती आहे.

तुमच्या घरी नुकतंच बाळंतपण झालं असेल तर या तारखा लिहून ठेवा. दवाखान्यात जन्म झाला असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. घरीच जन्म झाला असेल तर पहिल्या दिवशीही. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि आशाताईंना सोबत घेऊन लगेच निघा.