गाठ गेली, झटके राहिले

[दृश्य : विहीर, शेजारी कापसाचं रान]
विहीर घरचीच, आजोबांनी खणलेली. पण तिच्याकडं एकट्यानं फिरकायचं नाही, अशी या शेतकऱ्याला घरून सक्त ताकीद.

परभणी जिल्हा, गोदाकाठचं गाव. रुमाल सोडला की कानाच्या वर टाक्यांचा वण दिसतो. मेंदूतली गाठ काढली तेव्हा गावाला वाटलं, सुटला. पण मेंदूतल्या वणाभोवतीच्या, कधी गाठीच्या उरल्यासुरल्या भागाभोवतीच्या पेशी अधूनमधून एकदम भडकतात. फिटचा झटका तिथून येतो. बाहेरचं काही नाही, देवीचं तर नाहीच नाही.

[दृश्य : मुलीनं मोबाईलवर घेतलेलं चित्रण]
डाव्या अंगठ्याकडं बघा. आधी तो उडतो, मग हात, मग तोंडाची डावी बाजू. गाठ उजवीकडं होती, म्हणून अंग डावं. शुद्ध आहे, "यायलंय, यायलंय" म्हणतोय. मागून कुणी कांदा मागतंय, कुणी चप्पल. बायको लक्ष देत नाही. त्याला कुशीवर वळवते, डोक्याखाली चादरीची घडी सरकवते, घड्याळ बघते. तोंडात चमचा नाही, पाणी नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर थेट दवाखाना. थांबल्यावर हात काही वेळ लुळा राहतो. लकवा नव्हे तो. ताकद परत येते.

[दृश्य : वही, गोळ्यांचा डबा]
तारीख, वेळ, किती मिनिटं, रात्री झोप झाली का. डॉक्टर आधी हीच वही मागतात. झटके आवरायला लेव्हेटिरासिटाम दोन वेळा, जोडीला क्लोबाझाम. एकही गोळी चुकत नाही, तरी झटके येतात. अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, साधारण एक तृतीयांश रुग्णांना औषधांनी पूर्ण आराम पडत नाही. म्हणून गोळ्या सोडायच्या? एकदम बंद केल्या तर झटक्यामागून झटका लागतो आणि जिवावर बेततं. गोळ्यांनी चिडचिड वाढते, ती घरच्यांच्या वाट्याला. जागरण तर वैरीच. आणि इथं शेतपंपाची लाईट येते रात्री!

मोटारसायकल विकली. रान बटईनं दिलं.

[दृश्य : परभणी स्टेशन, मराठवाडा एक्स्प्रेस]
हल्ली झटके वाढलेत. संभाजीनगरला पुन्हा एमआरआय काढायचाय. गाठीनं परत मूळ धरलंय का, ते त्यात बघणार आहेत.